उलटी गुंडाळलेली पट्टी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा मीच सांगितलेलं बरं. मिरकरवाड्यात मासे घ्यायला गेले की कोळीण कितीही गोड बोलली तरी मी कल्ले उघडून बघितल्याशिवाय पिशवी पुढे करत नाही. नारळ कानाशी हलवून बघते. फोनवर कुणी "मॅडम" म्हणालं की मी फोन ठेवते, मग तो खरोखर बँकेचा माणूस का असेना. नवरा म्हणतो, "देवळात गेलीस तरी आधी देव जागेवर आहे ना ते बघशील." मी बघतेच.

या स्वभावाला नोकरीही तशीच मिळाली. एकतीस वर्षं मी रत्नागिरीत शाळेत इंग्रजी शिकवलं. परीक्षेच्या वेळी वर्गात फिरायचीसुद्धा गरज पडत नसे. खुर्चीत बसून पेनांचा आवाज ऐकला की कोण स्वतःचं लिहितंय आणि कोण शेजाऱ्याचं उतरवतंय, ते मला कळायचं. निदान मला तसं वाटायचं.

इंग्रजीतही माझा एका गोष्टीवर कधी विश्वास बसला नाही, ती म्हणजे फ्रेजल व्हर्ब. गिव्ह म्हणजे देणं, अप म्हणजे वर. दोघांना शेजारी बसवलं की झालं सोडून देणं. आता यात दिलं काय आणि वर गेलं काय? एकेकटे असताना गरीब गाईसारखे हे शब्द जोडीने आले की भलतंच बोलायला लागतात. मुलांना मी बजावून सांगायची, यांच्या चेहऱ्यावर जाऊ नका, पाठच करा.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी, श्रावणात, एक बाई दारात उभी राहिली. चाळिशीची, बारीक, हातांच्या बोटांना जांभ्याची लाल माती मुरलेली. लांज्याच्या वाटेवरच्या एका वाडीतली. नवरा मुंबईला, ही इकडे शेती आणि सासू सांभाळून शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत रोजंदारीवर आंब्याची कलमं बांधायची. चौदा वर्षं तेच काम. आता तिथे कायमच्या जागा निघणार होत्या आणि कायम व्हायचं तर दहावीचा दाखला हवा. शिवाय हे वर्ष गेलं की तिचं वय बसणार नव्हतं. म्हणून तिने बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला होता. बाकीचे विषय वाडीतल्या मुलांबरोबर बसून होतील, म्हणाली, पण इंग्रजी नाही होणार.

"बाई, तुमी शिकवलात तर सुटंन. नायतर मी आयुष्यभर रोजावरच."

मला पहिली शंका आली ती अशी, की हिला माझा पत्ता कुणी दिला? दुसरी, चौदा वर्षांत सुचलं नाही ते आत्ता कसं सुचलं? तिसरी शंका तिच्या हातातल्या पिशवीबद्दल होती. मी फी घेणार नाही म्हटल्यावर तिने पिशवीतून एक कोय कलम काढून पायरीवर ठेवलं. कोयीतून उगवलेलं वीतभर रोप, त्याचा शेंडा कापून तिथे हापूसची काडी पाचरीसारखी बसवलेली आणि जोडावर प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळलेली.

"कालच बांधलंय. पट्टी सोडू नका. दिवाळीपर्यंत हात पन लावू नका. आत काय चाललंय ते बगायचं नाय. धरायचं असंल तर धरील."

बघायचं नाही, असं मला कुणी सांगितलं की मला नेमकं तेच बघावंसं वाटतं. न बघण्यासारखं काय आहे त्यात? नाकारलेलं, टाकाऊ कलम तर माझ्या गळ्यात मारलं नाही हिने? अकरा दिवस मी कसेबसे काढले. बाराव्या दिवशी नवरा बाजारात गेल्यावर मी नखाने गाठ सोडली आणि पट्टी उलगडली. आत जोड ओलसर, फिकट हिरवा होता. काडी किंचित हलली. धरलंय की नाही ते काही मला कळलं नाही, कळण्यासारखं ज्ञानच मला नव्हतं. मी पट्टी होती तशी परत गुंडाळली, निदान माझ्या मते तशी. पाचव्या दिवशी काडी काळी पडली. मी ते रोप पिशवीसकट पाण्याच्या टाकीमागे टाकून दिलं आणि मनाशी नोंद केली, की या बाईने आपल्याला मेलेलं कलम दिलं.

तरी शिकवणी चालू ठेवली. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी पाच ते सहा, मग तिची एसटी. कलमाचं तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

ती शिकायला मंद नव्हती, पण तोंड उघडायची नाही. मी प्रश्न विचारला की ती माझ्याकडे बघायची आणि ओठ मिटून घ्यायची. वही मात्र बघण्यासारखी. गोल, सुबक अक्षर, एकही खाडाखोड नाही, वाक्यं बरोबर. एकतीस वर्षांत मी असली वही एकाच कारणाने बघितली होती, दुसऱ्याने लिहून दिल्यामुळे. हिच्या घरी बारावीतली पुतणी आहे, हे तिच्याच तोंडून निघालं होतं. मी दोन आणि दोन चार केले.

दिवाळीनंतर आम्ही चिकाटीच्या क्रियापदांवर आलो. गिव्ह अप झालं, त्याच्या विरुद्ध बाजूला कॅरी ऑन, कीप ऑन आणि कीप ॲट. ती कीप ऑन आणि कीप ॲटमध्ये अडकली. दोन्हींचा अर्थ करत राहणं असाच पुस्तकात दिलेला, मग दोन कशाला, म्हणाली. प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, कीप ऑन नुसतं चालू राहणं. त्यात कष्ट असतीलच असं नाही, कुणाला हवं असेल असंही नाही. आमचे हे चहा चहा म्हणून कीप ऑन करतात, आपल्याला पुरे झालं असं वाटलं तरी. कीप ॲट मात्र हातातल्या कामाबद्दल. काम अवघड असतं, सोडावंसं वाटत असतं, आणि माणूस त्याला चिकटून राहतो. म्हणून बहुतेक वेळा पुढे इट येतं, ते इट म्हणजे ते काम. कुणी दमलेला दिसला की त्याला कीप ॲट इट म्हणायचं, म्हणजे नेट लाव, सोडू नकोस. आणि आपलं तग धरणं ते हे नव्हे. तग धरायला नुसतं टिकून राहिलं तरी चालतं, यात हात चालवावे लागतात.

ती थोडा वेळ बोटांची माती खरवडत बसली. मग खाली बघूनच म्हणाली, "म्हंजे पाऊस कीप ऑन, आनि लावनी कीप ॲट."

एकतीस वर्षांत एकाही पोराने मला हे इतकं नेमकं सांगितलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, क्षणभर. मग वाटलं, हे हिला कुणी पढवून पाठवलंय.

जानेवारीत मी तिला दहा क्रियापदं दिली आणि प्रत्येकाचं स्वतःच्या मनाचं वाक्य लिहून आणायला सांगितलं. गुरुवारी तिने वही पुढे ठेवली. नेहमीसारखी स्वच्छ. सातव्या क्रमांकावर लिहिलं होतं, द ग्राफ्ट डाइड, बट आय केप्ट ॲट इट. कलम मेलं, पण मी नेट सोडला नाही.

कुठलं कलम? कुणाचं? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं. टाकीमागची ती काळी काडी डोळ्यांसमोर आली, आणि शरम वाटण्याऐवजी मला राग आला. हल्ला करणं केव्हाही सोपं.

"हे कुणी लिहून दिलं?"

"मीच लिवलंय, बाई."

"खोटं बोलू नकोस. तुला तोंडी एक वाक्य येत नाही आणि वहीत एक चूक नाही? माझी एवढी वर्षं शाळेत गेली. मला शिकवू नकोस."

तिने वही मिटली, पिशवीत घातली. नवऱ्याने तिच्यापुढे चहा ठेवला होता, तो तसाच राहिला. दारात चपला घालताना तिने एकदा मागे वळून बघितलं, माझ्याकडे नाही, टाकीच्या बाजूला. तेही मला तेव्हा दिसलं आणि त्याचाही मी भलताच अर्थ लावला.

मंगळवारी ती आली नाही. गुरुवारीही नाही.

"पकडली मी तिला," मी नवऱ्याला म्हणाले.

"काय पकडलंस?" त्याने विचारलं. त्यानंतर दर मंगळवारी पाच वाजता तो उगाचच फाटकापर्यंत जाऊन यायचा. दीड महिन्यावर तिची परीक्षा होती. चूक तिची असेल तर असेल, पण ती एकटी काय करत असेल, कुणाला विचारत असेल, हा विचार रोज यायचा आणि रोज मी तो परतवायची. फोन करायला नंबर होता माझ्याकडे. केला नाही. आपण चुकलो असू, ही एकच शंका माझ्या मनात शिरत नव्हती.

मे महिन्यात निकाल लागला. नवरा अबोलीची रोपं आणायला म्हणून त्या रोपवाटिकेत गेला. अबोली आमच्याकडे ढीगभर आहे. परत आला तो हात हलवत.

"बाकी सगळं सुटलं तिचं. इंग्रजीत गेली. सव्वीस मार्क."

पस्तीस लागतात. नऊ मार्कांचं इंग्रजी दीड महिन्यात माझ्या घरी बसून झालं असतं. ते मी घालवलं, हे मी त्या रात्री नवऱ्याला सांगितलं. तो "हो" म्हणाला. नाही म्हणेल अशी माझी अपेक्षा होती.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिथे गेले. कलम विकत घ्यायचं असं निमित्त मनात तयार ठेवलं होतं. खरं सांगायचं तर तिथेही मी तपास करायलाच गेले होते, पुतणीबद्दल कुणाला तरी विचारावं असा माझा बेत होता. मुकादम म्हणाला, ती पलीकडे पिशव्या भरतेय, शेडमध्ये बसा.

शेडची मागची भिंत चिऱ्याची होती, गिलावा न केलेली. त्या लाल भिंतीवर, माणसाचा हात पोचेल तिथपासून जमिनीपर्यंत, पांढऱ्या खडूने इंग्रजी लिहिलेलं होतं. अक्षर गोल, सुबक. माझ्या ओळखीचं.

मी सवयीने तपासायला लागले. द ग्राफ्ट डेड, असं लिहून खोडलेलं. त्याखाली द ग्राफ्ट इज डाय, तेही खोडलेलं. मग डाय, डाइज, आणि शेवटी डाइड. बट आय कीप, खोडून केप्ट. कीप ऑन इट, खोडून कीप ॲट इट. गिव्ह अपची सात वाक्यं, पाच खोडलेली. वहीत नसलेली सगळी खाडाखोड त्या भिंतीवर होती. मुकादम म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत लिहीत बसते. वहीची पानं फुकट जातात म्हणते. बरोबर जमलं की मगच वहीत उतरवते. पावसाळ्यापूर्वी पुसून टाक म्हटलंय मी, पण ती पुसत नाही."

मी बाकावर बसले. एवढी वर्षं शाळेत गेली म्हणून जिला सुनावलं होतं, तिचा खरा अभ्यास इथे चिऱ्यावर होता. मला स्वतःची इतकी लाज वाटली की उठून निघून जावं असं वाटलं. पण ती आलीच, कोपरापर्यंत माती घेऊन.

"बाई, कलम हवंय?"

"नको," मी म्हणाले. "तू दिलेलं कलम मी उघडलं होतं. बाराव्या दिवशी. म्हणून ते मेलं."

"म्हायत हाय."

"कधीपासून?"

"गनपतीच्या आदीपास्नं. हात धुवायला टाकीकडं गेलेले, तेवा दिसलं पडलेलं. पट्टी उलटी गुंडाळलेली व्हती, वरनं खाली. आमी खालनं वर गुंडाळतो, पानी जोडात उतरू नये म्हनून. मी बांधलेली पट्टी मी वळकनार नाय?"

म्हणजे पाच महिने, दर मंगळवारी आणि गुरुवारी, ती माझ्यासमोर बसत होती तेव्हा हे तिला ठाऊक होतं. मी तिच्या वहीत चोरी शोधत होते आणि माझी चोरी तिने पहिल्या महिन्यातच बघून ठेवली होती.

"मग तू बोलली का नाहीस?"

"तुमी शिकवत व्हतात ना," ती म्हणाली. एवढंच.

मी तिची माफी मागितली. नीट शब्दांत, "माझं चुकलं, वही तुझीच होती" असं. तिने ते ऐकून घेतलं, असू दे वगैरे म्हणाली नाही. हाताची माती झटकून म्हणाली, "जुलैत परत बसतेय. ह्ये शेवटचं. येऊ?"

"ये."

"पन एक हाय. मी बोलताना माज्या तोंडाकडं बगत बसू नका. तुमी बगाय लागलात का माजं येतंय तेपन जातंय."

तर जूनभर आमची शिकवणी अशी चालली. मी उंबऱ्यात बसून रस्त्याकडे तोंड करून फणसाच्या आठळ्या सोलायची आणि ती माझ्या पाठीमागे पाटावर बसून इंग्रजी बोलायची. पहिले दोन दिवस अडखळली. मग सुरू झाली. मागे वळून बघण्याची मला इतकी ऊर्मी यायची की एकदा सुरी बोटाला लागली. ती मध्येच थांबली की माझ्या तोंडून निघायचं, कीप ॲट इट. आणि ती पाठीमागून म्हणायची, "तुमीपन."

परीक्षा होऊन दोन-तीन आठवडे झाल्यावर तिने परत एक कोय कलम आणलं आणि त्याच पायरीवर ठेवलं. काही सूचना दिल्या नाहीत. नुसतं कलमाकडे बोट केलं आणि मग माझ्याकडे.

निकाल दुपारी एक वाजता नेटवर लागणार होता. तिच्या वाडीत रेंज नाही, म्हणून बैठक क्रमांक आणि आईचं नाव एका कागदावर लिहून माझ्याकडे ठेवलं होतं. "मी आल्याबिगर बगू नका," असं सांगून.

एक वाजला. पाऊस मरणाचा लागला होता आणि एसटी वेळेवर येणं शक्य नव्हतं. फोन टेबलावर, शेजारी कागद. दीड वाजता मी फोन उचलला आणि पहिले तीन आकडे टाकले. कुणाला कळणार होतं? आकडे पुसून टाकायचे, ती आली की परत टाकायचे. मग पट्टी आठवली. हिला कळेल. माझ्या तोंडावरून, आवाजावरून, कशावरूनही कळेल. आकडे पुसले आणि फोन नवऱ्याच्या हातात देऊन मी पायरीवर येऊन उभी राहिले. कलम तिथेच होतं. मोजलं तर नेमका बारावा दिवस. पट्टी खालून वर, एकसारखी. मी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि तशीच उभी राहिले, शाळेत पोरांना उभं करायची तशी.

सव्वातीनला ती आली. गुडघ्यापर्यंत चिखल. पाय धुतले, पदराला हात पुसले, फोन घेतला. मी न सांगताच रस्त्याकडे तोंड केलं. मागे तिच्या बोटांचा टपटप आवाज आला, मग काहीच नाही. नेट फिरत होतं. एकतीस वर्षं आवाजावरून ओळखणाऱ्या मला त्या शांततेतलं काही म्हणता काही ओळखता येईना. नापास झाली असेल तर मी हिच्याकडे कुठल्या तोंडाने बघणार होते?

"बाई."

"काय गं?"

"आता बगा."

इंग्रजी, छत्तीस. खाली पास. मी तिचं नाव वाचलं, आईचं नाव वाचलं, क्रमांक कागदाशी ताडून बघितला, मग पान बंद करून पहिल्यापासून परत उघडलं. तेव्हाही छत्तीसच होते. नवरा म्हणाला, "अगं, पुरे आता." ती हसायला लागली, तोंडावर हात न धरता, आणि मला एकदम रडू आलं. तिने मला रडू दिलं, आणि या वेळचा चहा संपवला.

निघताना ती पायरीवर थांबली, वाकून कलम बघितलं. मीही वाकले. काडीच्या टोकाला काहीतरी तांबूस फुगल्यासारखं दिसत होतं, की मला भास होत होता. जवळून बघावं म्हणून मी हात पुढे केला.

"त्याला नाय," ती म्हणाली. "त्याला दिवाळी."

मी हात मागे घेतला.